चौकातली कला कोणाची? विमानतळाच्या लाद्यांपासून बाजाराच्या भिंतीपर्यंत

मावशी पहिल्यांदा विमानात बसली ती वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी. हैदराबादहून गोव्याच्या मोपा विमानतळावर. मी तिला आणायला गेले होते. तिच्या विमानातले लोक बाहेर पडले, टॅक्सीवाल्यांची गर्दी पांगली, तरी मावशीचा पत्ता नाही. फोन लावला तर म्हणाली, "येते गो. हंय भिंतीक निळ्यो लाद्यो लायल्यात, त्यो पळयतां." बाहेर आली ती तीन प्रश्न घेऊनच. ते चित्र आहे की लादी? कोणी केलं? आणि तू आत का नाही आलीस बघायला?

तिसऱ्याचं उत्तर सोपं होतं. तिकीट नसेल तर टर्मिनलच्या आत सोडत नाहीत. पहिल्या दोन प्रश्नांनी मात्र मला कामाला लावलं. त्याला आणखी एक कारण होतं. आमच्या गावच्या बाजाराच्या भिंतीवर एक रंगवलेली मासेवाली होती आणि नुकतीच ती नाहीशी झाली होती. तिच्याकडे शेवटी येते.

गोव्यात सध्या हा विषय अधूनमधून पेपरात असतोच. डिसेंबर आला की पणजीत सेरेंडिपिटी कला महोत्सव भरतो (२०१६ पासून), स्मार्ट सिटीच्या नावाने भिंती रंगतात, कुठे पुतळा बसतो, कुठे पुतळ्यावरून भांडण होतं. लोक विचारतात ते मात्र मावशीचेच प्रश्न. हे काय आहे, कोणी ठरवलं, पैसे कोणाचे?

सुशोभीकरण म्हणजे सार्वजनिक कला नव्हे

सार्वजनिक कला म्हणजे मुद्दाम बघायला न जाता, जाता-येता दिसणारी, सगळ्यांच्या जागेत असलेली कला. चित्रप्रदर्शनाला आपण जातो. ही कला आपल्या वाटेत उभी असते, आवडली तरी आणि नावडली तरी. सगळा मोठेपणा त्यात आहे आणि सगळी भांडणंही त्यातूनच निघतात.

आपल्याला ही गोष्ट नवी नाही. मंगेशीची सात मजली दीपमाळ, वाटेवरचे पांढरे खुरीस (क्रूस), अंगणातलं रंगवलेलं तुळशीवृंदावन, दिवाळीच्या आदल्या रात्री नाक्यानाक्यावर उभे राहणारे नरकासुर, शिगम्यातले चित्ररथ. यातलं काहीच कोणी 'आर्ट' म्हणून केलं नाही, पण व्याख्येत ते चपखल बसतं.

सुशोभीकरण हे वेगळं प्रकरण. चौकात फायबरचा डॉल्फिन, त्याच्या पोटात बदलत्या रंगाचे दिवे, बाजूला 'आय लव्ह' आणि पुढे गावाचं नाव. माझी एक साधी कसोटी आहे. ती वस्तू रातोरात उचलून इंदूरच्या चौकात ठेवली तर इथे कोणाला चुकल्यासारखं वाटेल का? आणि तिथे कोणाला खटकेल का? दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर ती सजावट. सजावटीत पाप नाही, फक्त तिला कला म्हणून बिल लावू नये.

विमानतळ ही सार्वजनिक जागा आहे का?

अर्धीमुर्धी. सुरक्षा तपासणीच्या अलीकडचा भाग एक, पलीकडचा दुसरा. आपल्या देशात तर टर्मिनलच्या दारातच तिकीट बघतात, म्हणजे आतली कला फक्त प्रवाशांची. मला बाहेरून काचेतून दिसले ते ट्रॉल्या ढकलणारे लोक.

जागा कोणाची, हाही प्रश्न आहे. गोव्याचा जुना, दाबोळीचा विमानतळ नौदलाच्या तळावर आहे. पेडण्यातल्या मोप्याच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ ला झालं आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथून विमानं उडू लागली. तो सार्वजनिक-खासगी भागीदारीतून उभा राहिला: बांधायचा आणि चालवायचा कंपनीने, ठरावीक वर्षांच्या करारावर. आपल्याकडे पूर्वी भाटकाराचं (जमीनदाराचं) भाट, म्हणजे माडांची बाग, कोणीतरी मक्त्याने घ्यायचा, तसंच. मक्तेदार नारळ काढतो, पण माड त्याचे होत नाहीत.

अशा मक्तेदाराला प्रत्येक भिंत मोजावी लागते. विमानतळाची कमाई फक्त विमानांच्या उतरण्या-उडण्यातून होत नाही. दुकानं, खाणं, पार्किंग आणि जाहिराती हा मोठा वाटा असतो. सामानाच्या पट्ट्यामागची भिंत ही जाहिरातवाल्यांच्या दृष्टीने सोन्याची, कारण तिथे माणूस दहा-पंधरा मिनिटं दुसरं काही न करता उभा असतो. तिथे चित्र लावायचं म्हणजे तेवढ्या भाड्यावर पाणी सोडायचं.

मग कंपन्या ते का करतात? कारण कुठलाही विमानतळ डोळे मिटून उघडले तर दुसऱ्यासारखाच दिसतो. तीच काच, तेच स्टील, तीच कॉफी. 'मी अमुक ठिकाणी उतरलो' हे सांगणारं काहीतरी हवं असतं. दिल्लीच्या टी-३ मध्ये २०१० साली इमिग्रेशनच्या काउंटरांवरच्या भिंतीतून बाहेर आलेल्या हस्तमुद्रा बसवल्या. आज दिल्ली विमानतळ म्हटलं की लोकांना ते हातच आठवतात. मुंबईच्या टी-२ मध्ये २०१४ साली राजीव सेठी यांच्या देखरेखीखाली 'जय हे' हा प्रकल्प झाला. पाच हजारांहून जास्त वस्तू, त्यात जुन्या वाड्यांच्या खिडक्या आणि दरवाजेसुद्धा. घाईत असलेला माणूस त्यातलं किती बघतो ते सोडा, पण उशीर झालेल्या विमानाची वाट बघताना मी एकदा तिथल्या एका कोरीव दरवाजासमोर अर्धा तास काढलाय, आणि त्या दिवशीचं दुसरं काहीही मला आठवत नाही.

पैसे कोणाचे? शेवटी प्रवाशांचे. तिकिटात 'यूजर डेव्हलपमेंट फी' नावाची ओळ असते. मोठ्या विमानतळांसाठी तो आकडा विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण ठरवतं आणि बांधकामाचा खर्च वसूल करण्याची ती एक वाट आहे. म्हणून विमानतळाच्या भिंतीबद्दल विचारायचा हक्क मावशीला आहे. तिने तिकीट काढलं होतं.

निळ्या लादीचं कूळ

आता पहिला प्रश्न, चित्र की लादी? दोन्ही. पोर्तुगीजांनी दिलेलं नाव 'अझुलेजो', पण शब्दाचं मूळ अरबी. गुळगुळीत घासलेला दगड असा काहीसा अर्थ. भाजलेल्या मातीच्या लादीवर पांढऱ्या काचेचा लेप चढवतात, त्यावर कोबाल्टसारख्या धातूच्या भुकटीने चित्र काढतात आणि पुन्हा भट्टीत घालतात. रंग काचेत वितळून बसतो. म्हणून नखाने खरवडला तरी निघत नाही आणि पावसाने फिका पडत नाही.

गोव्यातलं याचं मोठं उदाहरण पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात आहे. जॉर्ज कोलासो या पोर्तुगीज चित्रकाराच्या १९३५ सालच्या लाद्या, पोर्तुगीज कवी कामोइंशच्या महाकाव्यातले प्रसंग. फुकट बघता येतात. समोरच्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्यांपैकी किती जण आत डोकावतात, हा वेगळा विषय.

मोपा सुरू झाला तेव्हाच्या सरकारी पत्रकात या लाद्यांना गोव्याच्या मूळच्या म्हटलं होतं. वाचून गंमत वाटली. लगेच दुसऱ्या बाजूचे उसळतात: पोर्तुगीज गेले, त्यांच्या लाद्या कशाला? मला दोन्ही टोकं पटत नाहीत. बटाटा, मिरची, काजू, पाव ही सगळी त्याच गलबतांतून आलेली मंडळी, आणि काजूशिवाय गोवा अशी कल्पना करून बघा. आज पणजीत गोंयकार कारागीर या लाद्या रंगवतात आणि इथेच भाजतात. वस्तू आली कुठून एवढंच बघून चालत नाही, आज ती कोणाच्या हातची आहे तेही बघायला हवं.

माझी तक्रार असलीच तर वेगळी आहे. ज्या पेडणे तालुक्यात विमान उतरतं, तिथल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर कावी कला आहे. काव म्हणजे तांबडी माती. लादीचं नाव आता देशभर पोचलं, काव मात्र शेजारच्या गावातल्यांनाही सांगावी लागते.

कावी कशी करतात ते सांगितलं पाहिजे, कारण पुढच्या बऱ्याच गोष्टींची किल्ली त्यात आहे. भिंतीवर मुरवलेला पांढरा चुना आणि तांबडी काव यांचे एकावर एक थर देतात. वरचा थर ओला असतानाच टोकदार सळईने नक्षी खरवडायची. जिथे वरचा थर निघेल तिथे खालचा रंग दिसतो. म्हणजे इथे रंग भिंतीला 'लावलेला' नसतोच. चित्र भिंतीच्या अंगातच असतं.

आता आपला पाऊस. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर, तोही चार महिन्यांत. आपल्या भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, आणि चिरा स्पंजासारखा पाणी धरतो. हे पाणी आतल्या क्षारांना घेऊन बाहेर यायला बघतं, यालाच आपण 'लोणा लागला' म्हणतो. अशा भिंतीवर प्लास्टिकसारख्या अॅक्रिलिक रंगाचा थर दिला की ओल्या अंगावर रेनकोट घातल्यासारखं होतं. आतला दमटपणा बाहेर पडू शकत नाही, मग रंगाचे फोड येतात आणि पापुद्रे सुटतात. चुना मात्र श्वास घेतो, त्यामुळे ओल आरपार जाते आणि चित्र टिकतं. आमच्या बाजाराच्या भिंतीला दुसऱ्याच पावसात हिरवं शेवाळ धरलं होतं. रंगवणाऱ्यांचा त्यात दोष नव्हता. भिंत वाळवून, अस्तर देऊन द्यायची हे काम ज्यांचं, त्यांनी ते केलं नव्हतं.

पाट कुठल्या चित्रशाळेत द्यायचा?

चवथीचा गणपती सांगायला आपण चित्रशाळेत जातो, घरचा पाट देऊन येतो. कधी तीन चित्रशाळांकडून दरपत्रकं मागवून सगळ्यांत स्वस्त गणपती घेतलाय? हात ओळखीचा असतो. "डोळे गेल्या वर्षीसारखे करा" एवढं सांगितलं की पुरतं.

सरकारी कामाचा नेहमीचा मार्ग याच्या उलटा. निविदा काढायची, ज्याचा दर सगळ्यांत कमी त्याला काम द्यायचं. गटार बांधायला हा नियम ठीक आहे, कारण काँक्रीट कुठल्या प्रतीचं हे कागदावर लिहिता येतं. चित्राची प्रत कशी लिहिणार? मग काम जातं रंगकामाच्या किंवा फॅब्रिकेशनच्या ठेकेदाराकडे. तो त्यातली थोडी रक्कम एखाद्या कलाकाराला देऊन चित्र काढून घेतो. कलाकाराचं नाव कागदावर कुठेच येत नाही.

याला पर्याय आहेत, ते बेकायदाही नाहीत. आधी संकल्पनांची खुली स्पर्धा घ्यायची, निवड समितीत कलाकार, वास्तुरचनाकार आणि त्या वाड्यावरचे एक-दोन रहिवासी बसवायचे. मानधनाचा आकडा आधीच जाहीर करायचा, म्हणजे चढाओढ दराची न राहता कल्पनेची होते. आपल्याकडे पणजीत आल्तिनोवर कला महाविद्यालय आहे. सुझा, लक्ष्मण पै अशा चित्रकारांची ही भूमी आहे. माणसं नाहीत असं कोणी म्हणू नये.

मानधनावरून आठवलं. १९६७ साली एअर इंडियाने चित्रकार साल्व्हादोर दालीकडून सुमारे पाचशे राखदाण्या करून घेतल्या. मोबदल्यात त्याने हत्तीचं पिल्लू मागितलं आणि कंपनीने ते खरोखर पाठवलं. हे कुठल्या निविदेत बसवायचं ते मला विचारू नका.

रस्त्यांत खड्डे असताना चित्रं कसली?

हा आक्षेप सगळ्यांत रास्त आहे. पणजीत स्मार्ट सिटीच्या खोदकामाची धूळ ज्यांनी खाल्ली, त्यांनी तर तो घ्यायलाच हवा. पण खड्ड्याचे पैसे चित्रात गेले म्हणून खड्डा राहिला, असं सहसा झालेलं नसतं.

बऱ्याच देशांत यासाठी टक्केवारीचा नियम आहे. सार्वजनिक इमारतीच्या खर्चातला एक-दोन टक्के भाग कलेसाठी. फ्रान्समध्ये १९५१ पासून, फिलाडेल्फियात १९५९ पासून, सॅन फ्रान्सिस्कोत १९६९ पासून, तिथे दोन टक्के. मोपाच्या पहिल्या टप्प्याचा खर्च सुमारे २,८७० कोटी रुपये सांगितला गेला होता. त्यावर एक टक्का लावला तर साधारण २९ कोटी होतात. आकडा मोठा वाटतो, पण घर बांधताना शंभर रुपयांतला एक रुपया उंबऱ्याच्या कोरीव कामाला ठेवावा, तसंच ते. आपले आजोबा-पणजोबा हे करत होते. जुन्या घरांचे बल्कांव (दारापुढचे बसायचे ओटे) आणि खिडक्या बघा.

नियमाचा खरा फायदा मात्र पैशांत नाही. कलेचा विचार नकाशा काढतानाच होतो, हा तो फायदा. नाहीतर इमारत उभी राहिल्यावर उद्घाटनाच्या पंधरा दिवस आधी कोणाच्या तरी लक्षात येतं, "अरे, ही भिंत रिकामी दिसते." मग पुन्हा डॉल्फिन.

एक खांब, एक चौथरा, एक पाद्री

पणजी चर्चसमोरच्या बागेत एक उंच खांब आहे. वास्को द गामा भारतात आला त्याला चारशे वर्षं झाली म्हणून पोर्तुगीजांनी १८९८ मध्ये उभारला, वर त्याचा अर्धपुतळा. आज त्याच खांबावर सिंह आहेत, आपल्या राजमुद्रेतले. आझाद मैदानावरच्या मंडपात गोवा जिंकणाऱ्या आफोंसो द आल्बुकेर्कचा पुतळा होता, तो जुन्या गोव्याच्या संग्रहालयात गेला. मंडप राहिला आणि तिथे स्वातंत्र्यसैनिक त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांचं स्मारक झालं.

आता तिथून पाच मिनिटं चालून मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाच्या बाजूला या. फादर फारिया एका स्त्रीवर हात पसरून उभे आहेत, ती मागे कलली आहे. लहानपणी मला वाटायचं, हा माणूस तिला शाप देतोय. माझा भाऊ तर रात्री त्या बाजूने जायलाच तयार नसायचा. कांदोळीत १७५६ मध्ये जन्मलेला हा पाद्री पॅरिसमध्ये संमोहनशास्त्राचा आद्य अभ्यासक म्हणून गाजला. पुतळा १९४५ चा, म्हणजे पोर्तुगीज राजवटीतलाच, पण घडवला रामचंद्र पांडुरंग कामत यांनी, मडकईच्या शिल्पकाराने. मुक्तीनंतर त्याला कोणी हात लावला नाही.

का? विषय आपला, हात आपला आणि लोकांना त्या पुतळ्याबद्दल सांगायला गोष्ट आहे, ही माझी अटकळ. सत्ता बदलली की सत्तेने बसवलेलं सत्तेबरोबर जातं. लोकांच्या बोलण्यात शिरलेलं राहतं.

बोलण्यात शिरण्याची दुसरी बाजू दोनापावलला दिसते. जेटीजवळच्या खडकावर स्त्री-पुरुषाचं पांढरं शिल्प आहे. कुठल्याही टुरिस्ट टॅक्सीवाल्याला विचारा, तो दोना पावला आणि तिच्या प्रियकराची कहाणी ऐकवेल. ते शिल्प १९६९ चं, इर्सा फॉन लाइस्टनर या जर्मन शिल्पकर्तीचं, नाव 'इमेज ऑफ इंडिया'. प्रेमकथेचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. दंतकथा रंगतदार आहे हे कबूल, पण एका बाईने घडवलेलं शिल्प तिच्या नावाशिवाय ओळखलं जातं, हे मला खुपतं.

नको झालं तर काढता येतं का?

इथे कायदा येतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ मध्ये कलाकाराचे 'विशेष हक्क' आहेत. कलाकृती विकली, कॉपीराइटही दुसऱ्याला दिला, तरी दोन गोष्टी त्याच्याकडेच राहतात. 'हे माझं आहे' असं म्हणण्याचा हक्क, आणि त्याच्या नावाला बट्टा लागेल अशी मोडतोड अडवण्याचा हक्क. मुलगी सासरी गेली म्हणून आईबापांचं नातं संपत नाही, तसंच.

याची कसोटी लागली ती शिल्पकार अमरनाथ सहगल यांच्या खटल्यात. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं त्यांचं ब्राँझचं प्रचंड भित्तिशिल्प, जवळजवळ १४० फूट लांबीचं, १९७९ मध्ये नूतनीकरणाच्या नावाखाली त्यांना न विचारता काढलं आणि गोदामात टाकलं. सहगल कोर्टात गेले. निकाल लागला २००५ मध्ये. उरलेले अवशेष त्यांना परत द्या आणि पाच लाख रुपये भरपाई द्या, असा. सरकारलाही हा हक्क लागू आहे हे त्यातून स्पष्ट झालं. पंचवीस-सव्वीस वर्षं लागली, तेही लक्षात ठेवा.

मग काय, एकदा लावलेलं कधीच काढायचं नाही? तसं नाही. २०१९ मध्ये दिल्लीतल्याच 'हॉल ऑफ नेशन्स'च्या प्रकरणात वास्तुरचनाकार राज रेवाल यांचा दावा न्यायालयाने मानला नाही. इमारत पूर्ण पाडायला मालकाला अडवता येत नाही, असं न्यायालय म्हणालं. त्याच वर्षी इकडे पणजीतल्या कला अकादमीचा भाग पाडण्याची चर्चा निघाली आणि गोव्यात गदारोळ झाला. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांची इमारत, नाट्यगृहाच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारियो मिरांडांची माणसं. तिथे इमारत कुठे संपते आणि चित्र कुठे सुरू होतं, हे वेगळं काढता येत नाही. त्यामुळे अशा जागी कोर्टापेक्षा लोकांचा आवाजच जास्त उपयोगी पडतो.

आणि लोकांनाच एखादी गोष्ट नको असेल तर? न्यूयॉर्कमध्ये १९८१ साली शिल्पकार रिचर्ड सेराची एकशेवीस फूट लांब पोलादी भिंत एका सरकारी चौकाच्या मधोमध उभी केली. कर्मचाऱ्यांना रोज तिला वळसा घालून जावं लागे. सुनावण्या झाल्या, खटले झाले आणि १९८९ मध्ये ती कापून काढली. समीक्षकांना ती थोर वाटत होती. मला विचाराल तर माझी सहानुभूती वळसा घालणाऱ्यांना. त्यांना आधी कोणी विचारलंच नव्हतं.

सांभाळा, नाहीतर विसर्जन करा

परत चवथीकडे. गणपतीची मूर्ती मातीची असते आणि तिचं विसर्जन ठरलेलं असतं. गणपतीच्या वर टांगलेल्या माटोळीला बांधलेली फळं-फुलं आठवड्यात उतरतात. कोणी रडत नाही, कारण आधीच ठरलंय. देवळाच्या दीपमाळेचं मात्र उलट. तिला दर काही वर्षांनी चुन्याचा हात द्यायचा, आणि तो कोणी द्यायचा हेही ठरलेलं.

आपल्या चौकातल्या कलेचं घोडं इथेच अडतं. तिला ना दीपमाळेचा चुना मिळतो, ना गणपतीचं विसर्जन. उद्घाटनाला निधी असतो, धुवायला नसतो. इमारतीच्या लिफ्टला वार्षिक देखभालीचा करार असतो, भित्तिचित्राला नाही.

भिंतीवरचं चित्र पाच वर्षांसाठी आहे असं ठरवून काढलं तर काय बिघडलं? करारात तसं लिहा. कलाकाराला कळवून, फोटो-नोंद ठेवून पुसा आणि भिंत पुढच्याला द्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर तर रीतसर संग्रहालय चालतं आणि तिथली प्रदर्शनं बदलत राहतात. जे कायमचं हवं त्यासाठी मात्र भाजलेली लादी, दगड, चुना, ब्राँझ असं आपल्या हवेला पुरून उरणारं साहित्य वापरा, आणि सांभाळायचे पैसे पहिल्या दिवशीच बाजूला काढा.

फोटो काढला तर चालेल?

आपल्यासाठी काढला तर खुशाल. विकायचा असेल तर जरा थांबा. चौकात कायमचं बसवलेलं शिल्प किंवा इमारत यांचा फोटो छापायला कायदा मोकळीक देतो. रंगवलेल्या चित्राला ती तशी नाही. चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क चालू राहतो. मारियो २०११ मध्ये गेले. त्यांची चित्रं परवानगीशिवाय टीशर्टवर छापायची तर २०७२ उजाडायची वाट बघावी लागेल. कळंगुटच्या किनाऱ्यावर हे कोणाला सांगायला जाऊ नका, हसतील.

बाजाराच्या भिंतीचं काय झालं

आमच्या बाजाराच्या भिंतीवर दोन तरुण कलाकारांनी तीन आठवडे परांचीवर उभं राहून एक मासेवाली रंगवली होती. पाटी समोर, हातात कोयती, लुगड्याचा ओचा खोचलेला, नाकात नथ. बाजारातल्याच एका बाईंवर ती बेतलेली होती. त्या रोज सकाळी पाटी उतरवताना वर बघून "काय गो, आज बांगडो कसो?" म्हणायच्या. कोपऱ्यात कलाकारांची नावंही होती, बोटभर अक्षरांत.

पहिल्या वर्षी कोणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स लागला, त्याचा एक खिळा नेमका नथीत. दुसऱ्या वर्षी शेवाळ. तिसऱ्या वर्षी एका सकाळी भिंत बदामी झाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. चौकशी केली तर कोणालाच काही माहीत नव्हतं.

मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. दहा रुपये शुल्क, तीन साधे प्रश्न. चित्र कोणत्या आदेशाने रंगवून घेतलं होतं, कलाकारांशी काय करार होता, आणि ते पुसायचं कोणी ठरवलं. महिन्याभरात उत्तर आलं. सदर भिंतीवर कोणतेही चित्र असल्याची कार्यालयात नोंद नाही. सोबत दोन बिलांच्या प्रती जोडल्या होत्या, एक तीन वर्षांपूर्वीची, एक यंदाची. दोन्हींवर ठेकेदार वेगळा, मजकूर एकच: बाह्य भिंतीस रंगकाम, दोन हात.